टिलीचं धाकटं पाणी

तर मी त्या ओल्या चित्रावर बसलो, इथपर्यंत आलो होतो ना आपण काल? तेवढ्यात तुम्हाला जांभया यायला लागल्या. बरं, पुढचं ऐका. बसलो म्हणजे असा तसा नाही, थाटात बसलो. टिली समोरून दोन्ही हात हलवत होती. मला वाटलं, या, बसा म्हणतेय. मान डोलावली, टोपी सारखी केली आणि ऐसपैस मांडी घातली. खाली गार लागलं. म्हटलं, वा, सावलीतली वाळू दिसतेय. मग पाच मिनिटं हवापाण्याच्या गप्पा मारल्या. एकट्यानंच मारल्या, कारण टिली तेव्हा बोलत नव्हती. का बोलत नव्हती तेही सांगतो. मग उठलो, दुकानात गेलो, चहापत्ती घेतली, पिठाचा डबा घेतला, चार माणसांची विचारपूस केली. माझ्यामागून सगळं यारिंगा गाव हसत येत होतं. मला वाटलं, आज माणसं खुशीत आहेत.

बायको दारातच उभी होती. म्हणाली, "म्हाताऱ्या, हे ढुंगणावर काय घेऊन फिरतोस?"

"काय?"

"तुझ्या मामांचा मुलूख! दोन बहिणींची वाट आहे, तीन टेकड्या आहेत, आणि मोठ्या पाण्याचा अर्धा भाग तुझ्या डाव्या बाजूला आलाय. वळ बघू. उजवी बाजूही चांगली उठलीय हो."

ती विजार अजून खुंटीवर आहे. धुवायची नाही म्हणते. चित्रकेंद्र चालवणारी ग्रेटा आली, तिनं विजार लांबून पाहिली, जवळून पाहिली, आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "ही काचेत लावायची का?" ग्रेटा थट्टा करत नाही. तेच तर अवघड आहे.

आता या सगळ्यात मी कोण, ते सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही मला नुसता ओल्यावर बसणारा म्हातारा समजाल. मी पर्सी जाकामारा, आणि टिली नापांगार्डी माझी मामेबहीण. तिच्या बापाचा मुलूख तो माझं आजोळ. आपल्याकडे मुलूख बापाकडून येतो आणि त्याची राखण आईकडून येते. म्हणजे ज्याचा मुलूख, त्यानं चित्र काढायचं. आणि ज्याचं आजोळ, त्यानं ते तपासायचं. वाट बरोबर गेलीय का, पाणी जागच्या जागी आहे का, जे दाखवायचं नाही ते झाकलंय का. राखणदार 'हं' म्हणाला की चित्र बाहेर जायला मोकळं. तो गप्प राहिला तर ते कितीही देखणं असो, तिथेच पडून राहतं. टिली मालकीण आणि मी राखणदार. हे नातं मी साठ वर्षं मिरवलं. खरं सांगायचं तर मिरवण्यापलीकडे फारसं काही केलं नाही.

टिलीचा जन्म एका कोरड्या वर्षातला, त्याच मुलखात. सहा वर्षांची होईपर्यंत तिनं कपडा पाहिला नव्हता की पीठ पाहिलं नव्हतं. मग पाणी आटलं आणि माणसं चालत चालत पाद्र्यांच्या मिशनवर आली. तिथे तिला फ्रॉक दिला. ती सांगते, "मला वाटलं, हे काहीतरी घोरपड धरायचं जाळं आहे." मी तेव्हा मिशनच्या शाळेत होतो. चार इयत्ता शिकलो, त्यातली दुसरी दोनदा. पुढे ती गुरांच्या फार्मवर गोऱ्यांचे शर्ट इस्त्री करायला लागली. लग्न झालं, सहा पोरं झाली, त्यातली दोन पुरली. पन्नाशी उलटल्यावर आमच्याकडे रंग आणि कॅनव्हास आले. आधी पुरुषच चित्रं काढायला बसले, मीही बसलो. टिली मागे उभी राहून आठवडाभर बघत होती. शेवटी म्हणाली, "अरे, तुम्ही ठिपके देताय की माश्या मारताय?" आणि माझ्या हातातली काडी काढून घेतली. ती काडी मला अजून परत मिळालेली नाही. त्यानंतर मी फक्त राखणदार.

तिची बसायची तऱ्हाच वेगळी. कॅनव्हास जमिनीवर, उगवतीची कड उगवतीकडे, मावळतीची मावळतीकडे. तो फिरवायचा नाही. आपण भोवती फिरायचं. "मुलूख कधी तुझ्याकडे वळतो का रे? तुलाच वळावं लागतं," म्हणायची. भोवती सात कुत्री. एखादं चित्रावरून चालत गेलं तर आधी पाऊल कुठल्या दिशेला गेलंय ते बघायची. बहिणींच्या वाटेनंच गेलं असेल तर ठेवून द्यायची. "याला ठाऊक आहे," म्हणायची. उलटं गेलं असेल तर त्या कुत्र्याला अशा शिव्या घालायची की मी दोन पावलं मागे सरकायचो. ग्रेटा नंतर चिमट्यानं केस वेचत बसायची.

आणि काढताना गायची. हे नीट लक्षात ठेवा, कारण माझी सगळी लबाडी इथेच लपलेली आहे. रानकंद खणत निघालेल्या दोन बहिणींचं गाणं. इथे खोदलं, इथे बसल्या, इथे मोठं पाणी प्याल्या, टेकडी आली, धाकटं पाणी आलं. काडी गाण्याच्या मागून चालायची.

झालं काय, तीन वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांवर साय आली. आधी लांबची माणसं पुसट झाली, मग जवळची, मग तर चहाचा पेला सुद्धा चाचपून घ्यायला लागलो. दवाखान्यातली नर्स म्हणाली, "मोतीबिंदू आहे. शहरात जाऊन काढून घ्या, अर्ध्या तासाचं काम." मी म्हटलं, बघू. मी, ज्यानं जवानीत उधळलेले बैल शेपटीला धरून आडवे केले, तो डोळ्याला सुरी लागणार म्हटल्यावर दवाखान्याच्या मागच्या दारानं पळालो. आणि कुणाला सांगण्याची सोय नव्हती. राखणदाराला दिसत नाही म्हटलं की राखण धाकट्या भावाकडे जाणार. धाकटा म्हणजे सेसिल. सेसिल एकदा दुकानातून घरी येताना चुकला होता. एक रस्ता आहे हो.

तेव्हा मी कानांनी राखण केली. टिली गात बसायची, मी शेजारी डोळे अर्धे मिटून गाणं ऐकायचो. क्रम बरोबर आला की जोरात म्हणायचो, "हं!" अशी तीन मोठी चित्रं पास केली. तिन्ही समुद्राकाठच्या शहरांत गेली. माणसं म्हणायची, पर्सी जाकामारा चित्राकडे बघत सुद्धा नाही, त्याला आतूनच कळतं. मी मान डोलवायचो. काय करणार?

मग टिलीचा नवरा गेला. गेलेल्या माणसाचं नाव आपल्यात घ्यायचं नाही, तेव्हा घेत नाही. माझ्या कुत्र्याचंही तेच नाव होतं, त्यामुळे त्यालाही त्या दिवसापासून बिननावाचं व्हावं लागलं, आणि आता ते कुणीही बोलावलं तरी येत नाही. टिलीनं केस कापले, बायकांच्या छावणीत जाऊन राहिली आणि आपल्या रिवाजाप्रमाणे तोंड मिटलं. सासरकडच्या बायका मोकळं करतील तोपर्यंत शब्द नाही. वर्षही लागतं कधी. बोलायचं ते हातांनी.

बघा आता माझी दशा. गाणं बंद, म्हणजे माझे कान गेले. बोलणं हातांचं, ते मला दिसत नाही. राखणदार आणि मालकीण समोरासमोर, एक मुकी आणि एक आंधळा, आणि आंधळा आहे हे फक्त आंधळ्याला माहीत. निदान मला तसं वाटत होतं.

चार-पाच महिने तिनं काडी हातात घेतली नाही. मग एक दिवस मोठा कॅनव्हास अंथरला. दुःखातही मुलूख काढून ठेवावासा वाटतो माणसाला, त्यात मी काही बोलणार नाही. हे चित्र एका मोठ्या संग्रहालयाला जायचं होतं. कायमचं भिंतीवर. ग्रेटा म्हणाली, "शुक्रवारी ट्रक येईल." त्याच चित्रावर मी बसलो, ते तुम्हाला ठाऊकच आहे. टिलीनं बिघडलेलं सगळं मुकाट्यानं पुन्हा केलं. मुकाट्यानं म्हणजे तिला दुसरा इलाज नव्हता. ते शब्द तिनं साठवून ठेवले असणार.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. बायको बरोबर होती, घरी आल्यावर तिनंच सांगितलं. टिलीनं हातांनी विचारलं, "धाकटं पाणी दाखवू का?" मी मान डोलावली. मग विचारलं, "की झाकून टाकू?" मी त्यालाही डोलावली. मग म्हणे विचारलं, "तू गाढव आहेस का?" मी छातीवर हात ठेवून, डोळे मिटून, अतिशय नम्रपणे डोलावली. बायकोला वाटलं, माझ्या डोक्यात ऊन गेलं.

हसताय, हसा. पण मी त्या दिवशी ताटावरून तसाच उठलो. त्या धाकट्या पाण्याचं तसंच आहे. मी सोळा वर्षांचा असताना मामानं मला मिशनवरून चालत तिकडे नेलं, बारा दिवस. वाळूच्या टेकडीपाशी उभं करून म्हणाला, "मोठं पाणी आंधळ्यालाही सापडतं. हे धाकटं सापडत नाही. वरून कोरडी वाळू, खाली हातभर खणलं की पाणी. टेकडीच्या उगवतीला आहे, मावळतीला नाही. बाजू चुकली की माणूस खणत खणत तहानेनं मरतं. हे तुझ्याकडे ठेवतो." माझ्याकडे! त्याला ते ठेवायला दुसरी जागाच सापडली नाही की काय कोण जाणे. मामा गेला. टिली सहा वर्षांची असताना तिथून निघाली ती परत गेलीच नाही. म्हणजे ती बाजू सांगणारा जगात मी एकटा. आणि गाणं नुसतं 'धाकटं पाणी' म्हणतं, बाजू सांगत नाही. तीन चित्रं मी कान हलवून पास केली होती. हे चौथं भिंतीवर चढलं की पुढची पोरं त्यावरूनच शिकणार.

तरी मी कबूल केलं का? नाही. मी आजारी पडलो. गुरुवारी सकाळी पोटात दुखतंय म्हणून पांघरुणात शिरलो, म्हणजे शुक्रवारी ट्रक येईल तेव्हा राखणदार आजारी म्हणून चित्र राहील. बुद्धी बघा माझी. पण कुणीतरी पांघरूण ओढलं. मनगट धरलं. त्या पकडीवरूनच ओळखलं, शर्टांना इस्त्री करून करून लोखंड झालेला तो हात. टिलीनं मला तसंच छावणीकडे ओढत नेलं. मागून बायको म्हणत होती, "अगं, निदान विजार तरी बदलू दे!"

तिनं मला कॅनव्हासच्या कडेला गुडघ्यांवर बसवलं आणि माझं बोट धरून चित्रावर टेकवलं.

मंडळी, मी थिजलो. रंग वाळलेला होता आणि उंच होता. ठिपके बाभळीच्या बियांएवढे, एकापुढे एक. तिनं वाटेवर रंगाचे थरावर थर चढवले होते. ग्रेटा नंतर म्हणाली, पांढऱ्याचे चार डबे संपले, तिला कळेना टिलीला झालंय काय. सकाळचं ऊन माझ्या उजव्या गालावर होतं, म्हणजे उजवीकडे उगवत. मी बोटानं चालायला लागलो. दोन बहिणी निघाल्या. इथे कंद खणला, खळगा लागला. इथे बसल्या, दोन वळणं लागली. मोठं पाणी, वेढ्यात वेढा, बोट गरगर फिरलं. दोन वर्षांत मी त्या मुलखात पहिल्यांदा गेलो होतो. पुढे टेकडी आली, लांब उभी कड. आणि कडेच्या डावीकडे, बोटाखाली, एक छोटं गोल.

डावीकडे. उन्हाच्या उलट्या अंगाला.

मी ओरडलो, "मावळतीला? मावळतीला कुठलं पाणी! टिले, मरतील ना माणसं! उगवतीला आहे ते, उगवतीला! मामानं मला उभं करून दाखवलंय!"

मग बायकोचा आवाज आला, "म्हाताऱ्या, तू बोटानं का बघतोयस?"

मग काय, सगळं ओकलो. मोतीबिंदू, मागचं दार, कानांनी केलेली राखण, ती तीन चित्रं. बायकांत आधी एकीला हसू आलं, आणि मग छावणीतली कुत्रीसुद्धा भुंकायला लागली. बायको म्हणाली, "तरीच! मला वाटत होतं, या वयात हा माझ्याकडे इतकं टक लावून का बघतो."

टिली हसली की नाही मला दिसलं नाही. तिचे हात चालले होते. बायकोनं वाचून सांगितलं, "ती म्हणतेय, पाणी मी उगवतीला नेते. पण चित्र जाणार नाही. राखणदारानं डोळ्यांनी बघितल्याशिवाय जाणार नाही."

"पण उद्या ट्रक येतोय!" ग्रेटा म्हणाली.

"ती म्हणतेय, येऊ दे. त्या ट्रकमध्ये याला घाला."

आणि घातला की. शुक्रवारी चित्राच्या जागी मी गेलो, चित्रासाठी आणलेल्या गाद्यांमध्ये गुंडाळून. सगळ्या रस्ताभर कण्हत होतो. काम खरंच अर्ध्या तासाचं निघालं. मी बेशुद्ध पडायची तयारी करत होतो तोवर डॉक्टर म्हणाली, "झालं, उठा." दहा दिवसांनी परत आलो. सगळं गाव लाल, आकाश निळं, इतकं निळं असतं हे मी विसरलोच होतो. आरशात बघितलं तर तिथे कुणीतरी सुरकुतलेला म्हातारा उभा. मी त्याला सरकायला सांगणार होतो.

टिलीचं चित्र डोळ्यांनी बघितलं. धाकटं पाणी टेकडीच्या उगवतीला, जिथल्या तिथे. पुसलेल्या जागी मावळतीला नुसती वाळू, पिवळी, कोरडी. बोटानंही एकदा चालून बघितलं. मग 'हं' म्हटलं. चित्र गेलं.

पण ती आधीची तीन! ती माझ्या छातीवरून उठेनात. कुणाकुणाच्या दिवाणखान्यात, परक्या शहरांत, मामाचं पाणी टेकडीच्या चुकीच्या अंगाला, आणि त्यावर माझा 'हं'. ग्रेटाकडे फोटो आहेत. ती म्हणाली, दाखवते. मी म्हटलं, डॉक्टरांनी डोळ्यांना ताण द्यायचा नाही म्हणून सांगितलंय. बघायची हिंमत नव्हती हो. सेसिल भेटला तरी मी नजर चुकवायचो. आता ती चुकवायला परत आली होती ना.

असे सात महिने गेले. थंडी सरली, घोरपडी बिळांबाहेर आल्या, आणि टिलीच्या सासरकडच्या बायकांनी दिवस ठरवला. पांघरुणं आली, पिठाचे डबे आले, निखाऱ्यांवर कांगारूची शेपटी लागली, राखेतून भाकऱ्या निघाल्या. बायकांनी टिलीला मधे बसवलं, एकेकीनं तिच्या ओठांना हात लावला आणि तोंड मोकळं केलं. रिवाज असा की त्यानंतर तिनं हळूहळू, जवळच्यांशी आधी, चार शब्द बोलावेत. माणसं थांबून होती. मी मात्र सात महिने थांबलो होतो. मी गर्दीतून घुसलो आणि धपकन तिच्यासमोर बसलो.

म्हटलं, "टिले, मला काय शिक्षा द्यायची ती दे. राखण सेसिलला देऊन टाक. पण आधी एवढं सांग, ती तीन चित्रं मी न बघता जाऊ दिली, त्यावरचं धाकटं पाणी आता मी कसं परत आणू?"

टिलीनं घसा खाकरला. वर्षभर वापरला नव्हता, दोनदा खाकरावा लागला. मग ती बोलली, आणि ते मी एक अक्षर इकडचं तिकडे न करता सांगतो:

"ती तिन्ही बरोबर होती, गाढवा. लहान असताना मी त्या खड्ड्यात डोक्यावर पडले होते, बाबांनी पायाला धरून बाहेर काढलं, तेव्हा उगवतं ऊन थेट डोळ्यांत आलं, मधे टेकडी नव्हती. ती बाजू मी विसरेन होय? चौथ्यावर मुद्दाम चुकवलं. राखणदाराचे डोळे गेलेत, ते तू माझ्या चित्रावर बसलास तेव्हाच कळलं होतं. राखणदार उरलाय का, तेवढं बघायचं होतं. आता ऊठ तिथून, माझ्या भाकरीवर बसलायस."